कडेची माया

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, शेजारणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगायला घेतलंय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर 'हूकवाल्या वहिनी' म्हणून ओळखत असाल — म्हणजे चुकीचंच ओळखता.

हूक म्हणजे काय, ते आधी सांगते. मी वेळ काढतेय असं वाटेल. काढतेच आहे.

काही लोकांना जीप घेऊन रस्ता नाही तिथे जायची हौस असते. डोंगर, नदीपात्र, समुद्राचा किनारा. तिथे गाडी रुतते. रुतली की दुसऱ्या गाडीने ओढून काढावी लागते, आणि ओढायचं तर पट्टा अडकवायला गाडीला एक भक्कम जागा लागते. इंग्रजीत त्याला रिकव्हरी पॉइंट म्हणतात, आमच्याकडे सरळ हूक. कंपनीतून गाडीला जो येतो तो बऱ्याचदा नावाला असतो. म्हणून हौशी लोक आमच्यासारख्यांकडे येतात.

आमचा गाळा गोखिवऱ्याला. ग्रिल, गेट, जिने, पाण्याच्या टाकीचे स्टँड. माझा नवरा सुहास वेल्डिंग करायचा. मी ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला, त्यामुळे ड्रॉइंग, मापं आणि भोकं पाडणं माझ्याकडे. "डोकं माझं, हात ह्यांचे," असं मी आल्या-गेल्याला हसत सांगायचे. तोही हसायचा. पण त्याचा वेल्ड बघायला इतर गाळ्यांतली माणसं यायची हे मी कोणाला सांगत नव्हते. साखळी टाका घालावा तसा, एकसारखा, कुठे जाड नाही, कुठे तुटक नाही.

उमेळ्याचा विल्सन आमचं गिऱ्हाईक, नंतर मित्र. केळी-मोगऱ्याची वाडी आहे त्याची. चारही बाजूंनी इमारती आल्या तरी त्याने ती ठेवलीय. त्याच्याकडे एक जुनी जीप होती. ती घेऊन एकदा गाळ्यावर आला आणि म्हणाला, "वहिनी, पुढे एक दणकट हूक लावून द्या. हा कंपनीचा आहे ना, हा टोचन करायलासुद्धा लाजतो."

असलं काम आम्ही आधी कधी केलं नव्हतं. मला आवडलं. चेसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, टोकाला जाड पट्टी वेल्ड करायची, पट्टीला भोक, भोकात शॅकल. शॅकल म्हणजे इंग्रजी डी अक्षरासारखी जाड कडी, पिनेने बंद होते. तिच्यात पट्टा. सोपं आहे. सोपं दिसतं.

आता एक शब्द सांगते. सगळं त्याच्यावर आहे.

भोक आणि पट्टीची कड यांच्यामध्ये जे लोखंड उरतं, त्याला आमच्या गाळ्यात 'माया' म्हणतात. शब्द माझ्या आईचा. ती शिवणकाम करायची. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात ती माया — उद्या अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. मी गाळ्यात आले, माझ्याबरोबर शब्दही आला. मग सुहास म्हणायला लागला, कामावरची माणसं म्हणायला लागली — कडेला माया ठेव, माया कमी पडतेय. या शब्दाचा दुसरा अर्थ मलाही ठाऊक आहे. तो इथे आणू नका. मी लोखंडाबद्दल बोलतेय.

कागदावर मी माया बरोबर ठेवली होती. बोटाची दोन पेरं भरतील एवढी. हिशेब करून ठेवली होती. पट्टी कापली, चेसीला टेकवून बघितली — तर शॅकल बंपरला आपटते. पिन आत जाईना. काय करायला हवं होतं? दुसरी लांब पट्टी कापायची. तासाभराचं काम. पण विल्सन संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता, मी 'आज देते' म्हणून बसले होते, आणि माझं ड्रॉइंग चुकलं हे मला गाळ्यातल्या माणसांसमोर दाखवायचं नव्हतं. मी भोक पुढे सरकवलं. कडेकडे. वर आणि, छान दिसावेत म्हणून, कोपरे ग्राइंडरने गोल करून टाकले. उरली माया? एक पेरसुद्धा नाही.

सुहास वेल्डिंगची काच तोंडासमोर धरायच्या आधी म्हणाला, "भोक पुढे गेलं काय गं?"

"बंपर आडवा येतो. माझा हिशेब झालाय."

"बरं."

हिशेब झाला नव्हता. तो मी केलाच नाही, डोळ्याने बघितलं आणि चालेल म्हटलं. त्याने मात्र माझा शब्द मानला, कारण हिशेब माझ्याकडे असतो असं आमच्यात ठरलेलं होतं. त्या दिवशी लाइटचा खेळ चालू होता. होल्टेज पडलं की तो शिव्या घालत थांबायचा, आला की सगळं घासून पुन्हा तापवून पुन्हा मारायचा. मग मी वरून लाल रंग दिला. फार देखणा हूक झाला होता, खोटं कशाला सांगू.

पुढच्याच रविवारी आम्ही दोघं, विल्सन आणि त्याचे जीपवाले मित्र अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर. सकाळची ओहोटी, तीन-चार जीपा. विल्सनची गाडी जिथे वाळू नुसती ओलसर दिसते आणि खाली चिखल असतो अशा जागी गेली आणि बसली. अर्ध्या चाकापर्यंत. जितकी रेस केली तितकी खाली.

ती वाळू मी मुठीत घेऊन पाहिली. बोटांतून गळून गेली. एवढी मऊ! आणि तिनेच ते भलंमोठं धूड असं धरलं होतं की पाच-सहा माणसं रेटून लाल झाली तरी केसभर हललं नाही. मी लोखंडाच्या ताकदीत वाढलेली बाई. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ताकद म्हणजे काय हे मला माहीतच नाही. आणि तेवढ्यात भरती सुरू झाली. पाणी काही आवाज करत येत नाही. मागे वळून बघावं तर आधीपेक्षा जवळ.

तिथे कोळ्यांच्या होड्या ओढायला एक ट्रॅक्टर असतो. जनार्दन नावाचा माणूस तो घेऊन आला. पट्टा माझ्या हुकाला लावला, शॅकलची पिन मीच फिरवली.

"ताई, लोखंड पक्कं हाय ना तुमचं? पानी चढतंय, नंतर माझ्या नावानं बोंबलू नका."

"ट्रॅक्टर फाटेल, हूक नाही फाटायचा," मी म्हणाले.

"ऐकलंस ना जनार्दन?" विल्सन म्हणाला. "वहिनीची गॅरंटी आहे. बायको देत नाही एवढी."

सगळे हसले. सुहास जीपच्या स्टिअरिंगवर बसला. विल्सन बाजूला, पट्ट्याच्या जरा जास्तच जवळ, हाताने इशारे करत. जनार्दनने हळूहळू ताण घेतला. त्याने झटका दिला नव्हता, हे सांगायलाच हवं. पट्टा ताठ झाला. जीप किंचित हलली, वाळूने सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला, आम्ही ओरडलो — आली, आली.

आणि हूक फाटला.

आवाज मोठा नव्हता. जाड मांजरपाट टरकावला की होतो तसा. शॅकल मला दिसलीच नाही. मी लोखंड कापलेलं बघितलंय, वाकलेलं, वितळलेलं. उडताना कधी बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही बघितलं नाही — कारण डोळ्याला ते सापडतच नाही. ते इथे असतं आणि मग तिथे असतं. तिथे म्हणजे ट्रॅक्टरच्या मडगार्डमध्ये. पत्र्याला आरपार भोक, आणि भोकापासून वीतभर अंतरावर जनार्दनचं डोकं. तो मागे वळून त्या भोकाकडे बघत राहिला. कानाला हात लावला, हात बघितला. कान होता.

पट्टा मात्र विल्सनच्या उजव्या हातावरून गेला होता. तो खाली बसला होता आणि स्वतःच्या बोटांकडे, ती दुसऱ्या कोणाची असावीत तसा बघत होता.

सुहास त्याला घेऊन एका जीपमधून हॉस्पिटलला गेला. बाकीच्यांनी विल्सनच्या गाडीला मागून साखळी लावली, चेसीलाच, आणि पाणी चाकांना लागलेलं असताना ती निघाली. टोचन करून मी ती गोखिवऱ्याला आणली. रविवार, गाळे बंद. ज्यांनी आणून सोडली ते गेले. मी शटर अर्धं ओढलं आणि खाली वाकून बघितलं.

पट्टी चेसीला जशीच्या तशी होती. फाटलं होतं ते भोक. कडेच्या बाजूने उघडं पडलेलं, माशाच्या जबड्यासारखं. जिथे माया हवी होती तिथे लोखंड ताणून ताणून पातळ झालं होतं आणि मग सुटलं होतं.

आणि वेल्ड?

तो कसा सांगू तुम्हाला? त्याच्यावर एका बाजूने समुद्राची वाळू ओढत होती, दुसऱ्या बाजूने ट्रॅक्टर. इंचभर पलीकडे लोखंड फाटून गेलं होतं, आणि त्या वेल्डवरच्या रंगालासुद्धा चीर नव्हती. पडत्या होल्टेजमध्ये मारलेला वेल्ड! मी त्याच्यावरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं, परत फिरवलं. मी देवळात फारशी जात नाही, पण त्या क्षणी मी जिथे गुडघे टेकून बसले होते तिथे माझा श्वास आपोआप हळू झाला. सुहासने आयुष्यात याहून चांगलं काम केलं नसेल. हे मला तिथल्या तिथे कळलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुहास.

"त्याची बोटं वाचतील म्हणतात, पण वळतील की नाही सांगता येत नाही," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "वेल्ड सुटला ना गं माझा?"

मी अजून त्या वेल्डसमोरच बसले होते. बोट त्याच्यावर होतं.

"हो," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले का? नाही. त्याने शब्द पुढे केला, मी तो घेतला. पण त्यानंतर जे केलं ते विचार करून केलं. तो येईल, बघेल आणि त्याला कळेल. मी ग्राइंडर लावला. पट्टी मुळापासून कापली. वेल्ड घासला — खूप वेळ लागला, तो सहज जाणारा नव्हताच — चेसी चकचकीत होईपर्यंत घासला. तुकडा भंगाराच्या ढिगात तळाशी टाकला. सुहास आला तेव्हा तिथे काही नव्हतं.

"तुकडा कुठाय?"

"भरतीत गेला. जे राहिलं होतं ते मी साफ केलं. विल्सनच्या नजरेला कशाला पडायला हवं?"

तो त्या चकचकीत जागेकडे बघत राहिला. "लाइट ये-जा करत होती," तो म्हणाला. "मला तेव्हाच थांबायला हवं होतं."

मी चहा टाकला.

विल्सन घरी आल्यावर आम्ही उमेळ्याला गेलो. सुहासने ओट्यावरच हात जोडले. असे हात जोडलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "माझ्या हातून झालं, विल्सन. वेल्ड माझा होता."

"अरे गप रे," विल्सन प्लास्टरातला हात हलवत म्हणाला. "बायको मुठीत कधी नव्हतीच, आता कोयताही नाही. एवढंच ना?"

त्याची आई आतून आली. घरात त्यांची त्यांची बोली, आमच्याशी मात्र शाळेतल्यासारखं बोलायची. म्हणाली, "सुहास, आधी पाणी घे. आणि वहिनी, त्याला सांगा, जेवल्याशिवाय आमच्याकडून कोणी जात नाही." सुहास भाकरी नुसती मोडत राहिला. तांदळाच्या भाकऱ्या होत्या, सुक्या बोंबलांचं कालवण होतं. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मला भूक लागली होती. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा वेळी जेवण जात नाही असं लोक लिहितात.

विल्सनची दोन बोटं आजही वळत नाहीत. कोयता तो डाव्या हाताने धरतो.

आणि सुहासने वेल्डिंग सोडलं.

एकदम नाही. आधी जिने सोडले, मग टाकीचे स्टँड. मग एके दिवशी पगारी वेल्डर ठेवला आणि स्वतः मापं घेणं, माल पोचवणं एवढंच करायला लागला. पण त्याआधी त्याने जे केलं त्याने मी आजही थक्क होते. त्याने आजवर वेल्ड मारलेली प्रत्येक गोष्ट तो शोधत गेला. आचोळ्याच्या गच्च्यांवर, गोखिवऱ्याच्या चाळींत, उमेळ्याच्या बंगल्यांत. हातात छोटी हातोडी. "जरा तपासायचं होतं," म्हणायचा, गच्चीवर चढायचा, टाकीखाली आडवा होऊन एकेक जोड ठोकून ऐकायचा. लोकांना वाटायचं, काय इमानदार माणूस आहे! भरलेली टाकी वर, वर्षानुवर्षं पाऊस खाल्लेलं लोखंड, आणि एकही जोड हलला नव्हता. कसा हलेल? घरी येऊन तो मला सांगायचा, "अजून धरलंय." अजून! जसं काही त्याच्या कामाचं नशीब बरं म्हणून. आणि मी समोर बसून भाजी निवडायचे. एक वाक्य बोलायचं होतं. प्रत्येक संध्याकाळी तेच वाक्य, आणि प्रत्येक संध्याकाळी ते न बोलणं आदल्या दिवसापेक्षा सोपं जायचं. हेही मला माहीत नव्हतं — की ते सोपं होत जातं.

माझं काय झालं? माझं चांगलं झालं. त्या फाटलेल्या भोकाने मला जे शिकवलं ते कोर्समध्ये कोणी शिकवलं नव्हतं. मी नवीन हूक काढला. भरपूर माया, चेसीच्या आतून दुसरी पट्टी, आरपार बोल्ट. प्रत्येक तुकडा आधी गाळ्यात साखळीने ताणून बघायचा आणि मगच गाडीला लावायचा. एकही परत आला नाही. पुण्याहून, नाशिकहून लोक येतात. तरुण पोरंपोरी मोबाईलवर माझा व्हिडिओ करतात आणि मी त्यांना हातातली पट्टी दाखवून सांगते, "कडेला माया ठेवा रे, नाहीतर माणूस मरेल." ती ऐकतात. कोणीतरी विचारतं, "वहिनी, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं?" मी म्हणते, अनुभव. सुहास मागे पावती फाडत असतो.

गेल्या आठवड्यात वेल्डर आला नाही, गावी गेला होता. एका मुलीची जीप उभी होती, पहाटे तिला निघायचं होतं. आतल्या पट्टीचे दोन-तीन जोड राहिले होते. ती सुहासला म्हणाली, "काका, तुम्ही मारा ना. तुम्हाला येतं म्हणतात इथले लोक."

मला वाटलं तो उठणार नाही. तो उठला. हातमोजे घातले, होल्डर उचलला, कांडी लावली, काच तोंडासमोर धरली. मी हातातलं काम सोडून बघत उभी राहिले. त्याचा हात पट्टीपर्यंत गेला, तिथे थांबला. नुसता थांबला. मग त्याने काच खाली केली, होल्डर जागेवर टांगला आणि तिला म्हणाला, "नको बाळ. माझा वेल्ड धरत नाही."

मला वांगं चालत नाही, असं कोणी सांगावं ना, तसं. दुःख नाही, तक्रार नाही. अंगावर असलेली एक खूण सांगावी तसं. ती बिचारी "बरं काका" म्हणाली आणि आम्ही तिसऱ्या गाळ्यातल्या माणसाला बोलावलं.

त्याचा हात मी काढून घेतला होता. मधली सगळी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी फक्त एक शब्द बोलले, आणि तोही त्याने विचारला म्हणून. पण शब्द बोलून मी थांबले नव्हते. मी ग्राइंडर लावला होता. त्याने केलेलं सगळ्यात चांगलं काम मी माझ्या हाताने घासून नाहीसं केलं, आणि ते बघितलेली या जगात मी एकटीच आहे.

तर आता वाक्य. वेल्ड सुटला नव्हता. भोक मी सरकवलं होतं, हिशेब मी केला नव्हता, पट्टी माझ्या चुकीने फाटली, विल्सनची बोटं माझ्या चुकीने निकामी झाली. सुहासचा वेल्ड शेवटपर्यंत धरून होता.

तो बाहेरच्या खोलीत बातम्या बघतोय. मी हे कागद घेऊन जाणार आहे, आवाज कमी करायला सांगणार आहे आणि पहिल्या ओळीपासून वाचणार आहे. फोन वाजला तिथे आल्यावर थांबणार नाही. उद्या उमेळ्याला जाऊन विल्सनसमोर हेच वाचेन. त्यानंतरच हे तुमच्याकडे येईल. ते दोघं काय म्हणतील ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचं आहे.